प्रगती आहे पुस्तकात!

लग्नपत्रिका, मृत्युलेख आणि प्रगतिपुस्तक या तीन ठिकाणी मराठी माणूस कोणाविषयी वाईट लिहीत नाही. पहिल्या दोहोंबद्दल माझी तक्रार नाही. तिथे सुधारणेची वेळ टळून गेलेली असते. भांडण तिसऱ्याशी आहे.

१ मेचे झेंडावंदन झाले, की बहुतेक शाळांचे निकाल हाती पडतात आणि आमच्या इमारतीतली प्रगतिपुस्तके दुपारपर्यंत माझ्या टेबलावर येतात. निवृत्त माणसाला हे खाते आपोआप मिळते. यंदा पाच पुस्तके पाहिली. पाचही बाळे 'गटकार्यात सक्रिय सहभाग घेतात', 'सूचनांचे पालन करतात' आणि 'कविता तालासुरात म्हणतात'. सूचनांचे पालन वाचून एका आईने पुस्तकावरचे नाव पुन्हा तपासले. दुसऱ्याचे पुस्तक भरताना घ्यायचा घेतो करायचे राहिले, म्हणून चिरंजीव वर्षभर 'आवडीने भाग घेते' असे राहिले.

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. हेतू उत्तम होता. एका पेपरावरून पोराची पत ठरवू नका, वर्षभर त्याच्याकडे बघा आणि त्याच्याविषयी चार शब्द लिहा. झाले काय? त्या चार शब्दांच्या तयार याद्या निघाल्या. पूर्वी मुले कॉपी करीत, आता मुलांविषयी कॉपी होते. बाईंना तरी काय बोलणार? निवडणूक आणि जनगणना ही कामे कायद्यानेच त्यांच्या गळ्यात घातली आहेत. त्यातून उरलेल्या वेळात चाळीस पोरांची चाळीस वेगळी वर्णने करायची म्हटली, तर कालिदाससुद्धा यादीच मागवील.

पण ही गंमत महाग पडते. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार, सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकली ४४.८ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिकांना तो वाचता आला नाही. अशा पोराच्या पुस्तकातही 'कविता तालासुरात म्हणतो' हे बसतेच, आणि ते खोटेही नसते. कविता पाठ असते हो! वाचायचा प्रश्नच येत नाही.

यावर काहींचा उतारा ठरलेला: नापास करा! २०१९ च्या दुरुस्तीने ती वाटही मोकळी झाली. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तीही हुकली तर मुक्काम त्याच वर्गात. पण दुखणे कोणते हे न लिहिता रोग्याला त्याच खाटेवर आणखी वर्षभर निजवून गुण कसा येणार?

मला लाल शाई नको, छडी नको, 'ब-१' आणि 'ब-२' यांतला सूक्ष्म भेदही नको. 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात एक खरे वाक्य हवे. 'जोडाक्षरांवर अडतो.' 'हातच्याची वजाबाकी येत नाही.' बस्स! एवढ्याने कुठल्या बापाचे नाक कापले जात नाही. उलट सुट्टीत रोज अर्धा तास कशावर बसायचे, हे घराला कळते. आणि जूनमध्ये नव्या बाईंना पहिल्या दिवसापासून कामाला लागता येते.

पोराला काय येत नाही, हे तिसरीच्या मे महिन्यात कळू द्या. दहावीच्या निकालात कळून काय उपयोग?