अभिमानाआधी मोजमाप

२००४ साली श्रावण अधिक होता. १९ वर्षांनी, २०२३ सालीही श्रावणच अधिक आला. सोलापुरात निघणारे दाते पंचांग दुधनीतील ज्या घरांत जपून ठेवले जात असेल, तेथे हा योग कोणाच्या ध्यानात आलाही असेल. त्यात चमत्कार काही नाही. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात, म्हणून अधिक मास बहुधा याच अंतराने परततो.

हेच २३५ महिने ग्रीकांनी काशाच्या एका यंत्राच्या तबकडीवर घरे पाडून मांडले होते. १९०१ साली अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून पाणबुड्यांनी ते वर काढले, तेव्हा तो केवळ गंजलेला गोळा होता. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या यंत्राचे कार्य उमगण्यास शतक लागले. डेरेक प्राइस यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने आतील दातेरी चाके पाहून १९७४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले; पण एकावर एक आलेल्या चाकांचे दात त्या छायाचित्रांत नीट मोजता येईनात. २००५ साली आठ टनांचे क्ष-किरण यंत्र अथेन्सच्या संग्रहालयात नेऊन अवशेषांचा थर न् थर तपासण्यात आला. एका मोडक्या चाकाच्या उरलेल्या दातांवरून मूळ संख्या २२३ ठरली. ग्रहणांचे चक्रही २२३ चांद्रमासांचेच. तेव्हा त्या चाकाचे प्रयोजन उलगडले. प्राइस यांच्या जुळणीतील चुका पुढच्यांनी दुरुस्त केल्या, म्हणून त्यांची थोरवी उणावली नाही. आधी मोजमाप, मग दावा, हीच संशोधनाची रीत होय.

आपल्याकडे मात्र पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे सभांतून सांगितले जाते आणि त्याच पूर्वजांचे घटिकापात्र मोडीत निघते. तळाशी बारीक छिद्र असलेले हे तांब्याचे पात्र पाण्यावर सोडले की २४ मिनिटांत भरून बुडते. अहोरात्रात ६० वेळा. लग्नाचा मुहूर्त त्यावरच साधला जाई. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. श्रीरामुल राजेश्वर शर्मा यांनी देशोदेशींच्या संग्रहांतील भारतीय ज्योतिषयंत्रांची वर्णनात्मक सूची सिद्ध केली आहे. परंतु खेड्यापाड्यांतील माळ्यांवर काय पडले आहे, हे एकटा संशोधक कोठवर पाहणार?

ते काम गावोगावच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनीच अंगावर घ्यावयास हवे. त्याला आठ टनांचे यंत्र नको. तराजू, मोजपट्टी आणि मनगटी घड्याळ पुरे. पात्राचे वजन, व्यास, ते भरण्यास लागणारा वेळ आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत वहीत उतरवावी. वस्तू मालकाकडेच राहू द्यावी. अशा नोंदी एकत्र ठेवण्याची व्यवस्था सोलापूरच्या विद्यापीठाने केल्यास ती योग्यच ठरेल. पात्र २४ मिनिटांऐवजी २२ मिनिटांत भरले, तर तेही तसेच लिहावे. न मोजता केलेल्या गौरवापेक्षा अशी प्रामाणिक नोंद हाच पूर्वजांचा खरा सन्मान ठरेल. बुडालेले पात्र पुन्हा पाण्यावर सोडता येते; भट्टीत वितळलेले पात्र परत येत नाही.