वाढदिवसाचा दंड
आमच्या बँकेत मुदत ठेव ठेवा. पहिल्या दिवशी ठरलेला व्याजदर मुदत संपेपर्यंत मिळतो. एवढी कारकुनी अक्कल कॅनडा सरकारला सुचू नये? तिथे २०१५ पासून परदेशी कुशल मंडळी १२०० गुणांच्या तराजूत बसतात. सडाफटिंग उमेदवाराला २९ व्या वर्षापर्यंत वयाचे ११० गुण. ३० व्या वर्षी १०५, ४० व्या वर्षी ५० आणि पंचेचाळिशीला भोपळा! म्हणजे तिशीतला पोरगा निमंत्रणाची वाट पाहत बसला असताना वाढदिवस आला, की इकडे आई ओवाळते आणि तिकडे गुण कापतात. जागा मोजक्या, मान्य. निवडायचा हक्क तुमचा, तोही मान्य. पण रांग तुमची, उशीर तुमचा अन् दंड मात्र उभा राहणाऱ्याला? अहो, अर्ज भरला त्या दिवसाचं वय धरा की! पोरगा म्हातारा झाला, तो तुमच्याच दारात ना?