विकायचे थांबवलेत, आता सोपवून द्या

प्रति,
भारतीय भाषांचे फॉन्ट आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांचे संचालक,
तसेच मराठी भाषा विभाग आणि माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन



मी जुन्या जालन्यात अक्षरजुळणीचे काम करतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, कवितासंग्रह, आडतीची पावतीपुस्तके असे सगळे माझ्या टेबलावरून जाते. टेबलावर दोन संगणक आहेत, एक नवा आणि एक विंडोज एक्सपीचा. जुन्याला मी जिवापाड जपतो, कारण त्याच्या पाठीमागे पंचवीस पिनांचा पॅरलल पोर्ट आहे आणि त्या पोर्टला मराठी फॉन्टच्या पॅकेजचे लॉक लावलेले आहे. लॉक काढले की मराठी टंकन बंद. नव्या मदरबोर्डवर तो पोर्टच येत नाही. पॅकेजची ती आवृत्ती कंपनीने केव्हाच बंद केली आणि लॉक बिघडले तर बदलून मिळत नाही. चौकशी केली की नवे पॅकेज घ्या म्हणतात. नवे घेतले तरी त्यात जुनी फाइल जशीच्या तशी उघडत नाही.

ही तक्रार माझ्या एकट्याची असती तर तुम्हाला पत्र लिहिले नसते. गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे सीडी घेऊन आले. त्यांच्या आईने गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात होत्या. पेजमेकरमध्ये जुळवलेले ते पुस्तक पैशाअभावी छापायचे राहून गेले. आई आता नाही. नव्या संगणकावर फाइल उघडली तर प्रत्येक ओळीच्या जागी इंग्रजी अक्षरे, डॉलर, कंस आणि टक्क्याची चिन्हे. एक्सपीवर तीच फाइल उघडली आणि ओव्या दिसू लागल्या. गुरुजींनी विचारले, "हा डबा बंद पडला तर?" काय उत्तर द्यायचे ते मला तेव्हाही कळले नाही.

असे का होते ते तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहितो. युनिकोड ही सगळ्यांची सामायिक संकेतपद्धती रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांसाठी ठेवलेल्या 256 घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. अर्धा क एका घरात, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. कुठला तुकडा कुठल्या घरात हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. शिवाय हे तुकडे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवले जात. 'निर्मिती' हा शब्द घ्या. जुन्या फाइलमध्ये आधी पहिली वेलांटी, मग न, पुन्हा पहिली वेलांटी, मग म, त्यानंतर रफार, शेवटी त आणि दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये न आधी येतो, वेलांटी त्याच्या मागून, आणि रफार मच्या अलीकडे जातो. म्हणजे नुसती अक्षरे बदलून भागत नाही, त्यांच्या जागाही हलवाव्या लागतात. त्यासाठी लागतो तो घरांचा तक्ता, आणि तो कंपनीच्या कपाटात.

तक्ता मिळाला नाही म्हणून लोक हातावर हात धरून बसले नाहीत. हिंदी-मराठीतल्या स्वयंसेवकांनी एकेक घर तपासून तक्ते बनवले आणि परिवर्तक लिहून सगळ्यांना वापरायला दिले. 'पद्म' नावाचे फायरफॉक्सचे एक्स्टेन्शन जुन्या फॉन्टमधली संकेतस्थळे वाचता वाचता युनिकोडमध्ये बदलून देई. या लोकांना कोणी पगार दिला नाही. त्यांच्यामुळे माझ्यासारख्याचे कितीतरी काम वाचले, हे मला इथे जाहीरपणे नोंदवायचे आहे.

पण अंदाजाने केलेल्या तक्त्याला मर्यादा असते. हिंदीसाठी लिहिलेल्या परिवर्तकाला मराठीतला ऱ्य माहीत नसतो. तो 'दऱ्या'चा 'दर्या' करतो आणि आचाऱ्याला आचार्य करून टाकतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झालेला शुद्धलेखन तपासनीसही पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. चारशे पाने ओळीओळीने वाचणारा माणूस बसवावा लागतो. मूळ तक्ता हाती असता तर हे दुरुस्त करायला एखादी दुपार पुरली असती. दुसरी अडचण अशी की स्वयंसेवकाचे कामही अनाथ होते. नोव्हेंबर 2017 मध्ये फायरफॉक्सने जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन्स बंद केली. पद्म त्याच पद्धतीचे होते.

हातचे सोडून दिले तर काय होते याची उदाहरणे आपल्याकडेच आहेत. बंगळुरूच्या सायबरस्केप मल्टिमीडियाने 'आकृती'चे काही फॉन्ट जीपीएल या खुल्या परवान्याखाली मोकळे केले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेले फॉन्ट 2004 मध्ये लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीने 'लोहित' नावाने जीपीएलखालीच उपलब्ध केले आणि 2011 मध्ये त्यांना आणखी सैल असा ओपन फॉन्ट परवाना मिळाला. मग रेड हॅटच्या अभियंत्यांबरोबर बाहेरच्या लोकांनीही जोडाक्षरांतल्या चुका कळवल्या आणि दुरुस्त केल्या. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या असंख्य लोकांनी वर्षानुवर्षे हीच अक्षरे पाहिली. मॉड्युलर इन्फोटेकचा धंदा त्यामुळे बसला नाही.

बाहेरचेही एक उदाहरण देतो. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला टर्बोपॉवर नावाची कंपनी होती. डेल्फी या साधनात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ती तयार कोडच्या लायब्रऱ्या विके. सिरियल पोर्टसाठी असिंक प्रोफेशनल, पडद्यावरच्या रकान्यांसाठी ऑर्फिअस, झिप फाइलींसाठी अब्रेव्हिया. आमच्या एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांच्या काट्यावर भंगाराची गाडी चढते आणि इंडिकेटरवरचे वजन केबलने संगणकात उतरते. असिंक प्रोफेशनल असल्याच कामाची लायब्ररी. 2003 च्या जानेवारीत टर्बोपॉवरने किरकोळ विक्री थांबवत असल्याचे जाहीर केले आणि जवळपास सगळ्या लायब्रऱ्यांचा सोर्स कोड मोझिला परवान्याखाली सोर्सफोर्जवर ठेवला. पुढे 2008 मध्ये डेल्फीतल्या स्ट्रिंग युनिकोड झाल्या, 2011 मध्ये 64 बिट आले. दोन्ही वेळी या लायब्रऱ्या नव्या डेल्फीवर आणल्या त्या वापरणाऱ्यांनी. कोड कपाटात राहिला असता तर त्यावर उभे असलेले प्रोग्रॅम त्याच साली अडकले असते.

तुमची अडचण मी ऐकली आहे. आमच्या कोडमध्ये दुसऱ्यांकडून विकत घेतलेले भाग आहेत, ते आम्हाला देता येत नाहीत, असे तुम्ही म्हणता. नेटस्केपचीही तीच अडचण होती. 31 मार्च 1998 रोजी त्यांनी ब्राउझरचा कोड खुला केला तेव्हा परके भाग काढून टाकले आणि भोकांसकट दिला. लोकांनी ती भरली. तुम्हीही लॉक तपासणारा भाग काढा, परके भाग काढा, उरेल ते द्या. तेही नको असेल तर किमान तक्ते द्या. ती काही पानांची कागदपत्रे आहेत, त्यात कुठलेही व्यापारी गुपित आता उरलेले नाही.

पैसे हवे असतील तर आकडा सांगा. ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर बनवणारी नॉट अ नंबर ही डच कंपनी 2002 मध्ये बंद पडली. गुंतवणूकदारांनी 1 लाख युरोला सोर्स कोड सोडायची तयारी दाखवली आणि वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत वर्गणी उभी केली. त्याच ब्लेंडरमध्ये बनलेल्या 'फ्लो' या चित्रपटाला 2025 मध्ये ऑस्कर मिळाले. मराठी माणूस वर्गणीला नवखा नाही, पण किंमत कोणी सांगितलीच नाही तर जमवायचे किती?

मुकाट्याने बसलात तरी कोड आपोआप मोकळा होणार नाही. आपला कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती धरतो आणि साहित्यकृतीचे संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालते. तोवर ती सीडी वाचणारे यंत्रही जगात नसेल. त्याच कायद्याच्या कलम 52 मध्ये, कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रॅमशी दुसरा प्रोग्रॅम जुळवण्यासाठी लागणारी माहिती, ती सहज मिळत नसेल तर, काढून घ्यायची मुभा आहे. तक्ते शोधणारे स्वयंसेवक या मुभेच्या आधाराने काम करू शकतात. मूळ कोड दुरुस्त करून वाटायचा हक्क मात्र तिने मिळत नाही. तो फक्त तुम्ही देऊ शकता, आणि लेखी देऊ शकता. "वापरा, आमची हरकत नाही" असे फोनवरचे बोलणे नको. उद्या कंपनी विकली गेली की नवा मालक ते बोलणे मानणार नाही.

आता शासनाला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आपण सगळ्यांनी आनंद केला आणि तो योग्यच होता. पण संगणक आल्यापासून युनिकोड रुळेपर्यंतची मराठी, कार्यालयांतले ठराव, जिल्ह्याच्या ठिकाणची साप्ताहिके, हौशी लेखकांची पुस्तके, हे सगळे जुन्या फॉन्टमध्ये पडून आहे. ताम्रपटांइतकीच काळजी याचीही घ्यायला हवी, आणि याला वेळ फार कमी आहे, कारण सीडी आणि हार्ड डिस्क तांब्याइतक्या टिकत नाहीत. मराठी भाषा विभागाने या कंपन्यांना एकत्र बोलवावे आणि तक्ते मागून घ्यावेत. माहिती तंत्रज्ञान विभागाने यापुढच्या प्रत्येक खरेदीत अट घालावी की सोर्स कोडची प्रत तिऱ्हाइताकडे राहील आणि उत्पादन बंद झाले की ती खुल्या परवान्याखाली बाहेर येईल. आणि जे लोक हे सांभाळतात त्यांना मानधन द्यावे. रात्री जागून परिवर्तक लिहिणारा मुलगा नोकरी-संसारात गुंतला की काम थांबते. त्यात त्याचा दोष नाही. वर्षाला दोन-तीन जणांचे मानधन म्हणजे शासनाच्या हिशेबात काहीच नाही.

माझ्याकडून जे होईल ते मी करतो. जुन्या संगणकावर उघडणाऱ्या प्रत्येक फॉन्टमध्ये बाराखडी, जोडाक्षरे, रफार आणि ऱ्य यांचे एक एक पान जुळवून, छापून ठेवत आहे. ज्या कंपनीला आपला तक्ता आणि छापील पान ताडून पाहायचे असेल तिने कळवावे, प्रती पाठवतो. गुरुजींच्या ओव्यांचे मुद्रितशोधन सध्या हातानेच चालू आहे.

आपला,
एक अक्षरजुळणीकार
जुना जालना