लॅपटॉपचा चार्जर: कायदा आहे, पण नंबर तपासतो कोण?

भिवंडीत लॅपटॉप आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, कॉलेजचे प्रोजेक्ट, घरबसल्या डेटा एंट्री, सगळं त्याच्यावरच. अनेक घरांत एकच लॅपटॉप असतो, तोही सेकंडहँड, आणि तीन भावंडं तो वाटून वापरतात. अशा जुन्या लॅपटॉपची बॅटरी थकलेली असते. म्हणजे चार्जर गेला की लॅपटॉपही गेला. मग अब्बू बाजारात जातात. एका दुकानात बिननावाचा चार्जर चार-पाचशे रुपयांना मिळतो, तर कंपनीचा दीड ते तीन हजारांच्या घरात जातो. पॉवरलूमच्या मजुरीवर चालणाऱ्या घराने कोणता घ्यावा, हे सांगायला शहाणपण लागत नाही. म्हणूनच आम्हा शिक्षकांना हा विषय फक्त खरेदीचा वाटत नाही.

आधी धोका समजून घेऊ. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची असते. लॅपटॉपला लागते साधारण १९ ते २० व्होल्टची, तीही डीसी. या दोन विजा एकमेकींना भिडू नयेत म्हणून चार्जरच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि ठरावीक अंतर ठेवलेलं असतं. स्वस्त मालात काटकसर इथेच होते. इन्सुलेशन पातळ, अंतर कमी, फ्यूज नाही. मधला आडोसा फाटला तर भिंतीतला करंट थेट मुलाच्या हाताखालच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचू शकतो. दुसरा धोका उष्णतेचा. आपली घरं लहान, माळ्यावर गादी, कोपऱ्यात कापडाचे तागे किंवा सुताचे गठ्ठे, आणि एकाच बोर्डात फ्रीज, मोबाइल, लॅपटॉप. तिथे रात्रभर तापलेला चार्जर ही साधी गोष्ट नाही.

यासाठी कायदा नाही, असं मात्र नाही. केंद्र सरकारने २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. पुढे २०१४ च्या अधिसूचनेने लॅपटॉपचे पॉवर अ‍ॅडॅप्टरही त्यात आले. म्हणजे भारतीय मानक ब्युरोकडे (बीआयएस) नोंदणी नसलेला अ‍ॅडॅप्टर बनवणं, आयात करणं, विकणं बेकायदा आहे. नोंदणी झालेल्या चार्जरवर मानकाचा क्रमांक (बहुतेकांवर आयएस १३२५२) आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढे आठ अंक छापलेले असतात. हा नंबर ‘बीआयएस केअर’ या सरकारी मोफत अ‍ॅपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव, ब्रँड आणि नोंदणी चालू आहे की नाही, हे समोर येतं. एक मिनिटाचं काम. पण किती जण करतात?

ऑनलाइन घेतलं म्हणजे खात्रीचं, हाही गैरसमज. भिवंडीच्या आजूबाजूच्या गोदामांतून अर्ध्या मुंबईला पार्सलं जातात, त्यामुळे हा धंदा आपल्याला परका नाही. मार्च २०२५ मध्ये बीआयएसने दिल्लीत मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामांवर छापे टाकून प्रमाणित नसलेला माल जप्त केला होता. छापे पडतात, बातमी होते, आणि माल पुन्हा येतो. कारण गिऱ्हाईक दुकानदाराला फक्त भाव विचारतं, नंबर विचारत नाही.

मग घ्यायचा कसा? आधी खरंच चार्जर खराब आहे का ते पाहा. बोर्डापासून अ‍ॅडॅप्टरपर्यंतची वायर बहुधा सुटी असते. बिघाड तिच्यातच असेल तर थोडक्यात काम होतं. अ‍ॅडॅप्टरच गेला असेल तर जुन्यावरचं लेबल वाचा. ‘आउटपुट’समोर १९.५ व्होल्ट, ३.३३ अ‍ॅम्पिअर असं लिहिलेलं असेल, तर दोन्हींचा गुणाकार झाला ६५ वॉट. नियम सोपा: व्होल्ट तेवढेच हवेत, अ‍ॅम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला, असं नाही. डेलसारख्या काही कंपन्यांचे लॅपटॉप तर पिनमधून चार्जर ओळखतात. ओळख पटली नाही तर बॅटरी चार्ज होत नाही, लॅपटॉपही मंद चालतो.

बजेट कमी असेल तर मधला मार्ग आहे. नोंदणी असलेल्या दुसऱ्या ब्रँडचा चार्जर, किंवा ओळखीच्या रिपेअरवाल्याकडून त्याच कंपनीचा वापरलेला पण अस्सल चार्जर. लेबल वाचता आलं पाहिजे, वायर कुठे सोललेली नको, आणि बिल घ्यायचंच. बिल नसेल तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही.

पुढचा लॅपटॉप घेताना टाइप-सीवर चार्ज होणारा घेतला तर बरं. युरोपीय संघाने मोबाइल आणि टॅबलेटसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून हे सक्तीचं केलं आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ च्या ग्राहक व्यवहार विभागाच्या बैठकीत उद्योगांनी टाइप-सीला सहमती दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने मानकही प्रसिद्ध केलं. पण मानक निघणं वेगळं आणि सक्ती होणं वेगळं. एकच चार्जर घरातल्या सगळ्यांना चालला तर सर्वाधिक फायदा गरीब घरांचाच आहे, त्यामुळे ही मागणी आपणही लावून धरली पाहिजे. तोवर एक ध्यानात ठेवा: टाइप-सीतही वॉट जुळावे लागतात, आणि ६० वॉटच्या वर केबलही पाच अ‍ॅम्पिअरची लागते.

शेवटी काम आपल्या हातातलं. शाळांनी विज्ञानाच्या तासाला मुलांना घरचा चार्जर आणायला सांगावा, लेबल वाचून घ्यावं, नंबर अ‍ॅपमध्ये टाकायला लावावा. मोहल्ल्यातल्या संस्था विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटतात, ते खूप चांगलं काम आहे. वाटताना सोबतच्या चार्जरचा नंबरही तपासावा. एका गल्लीतल्या दहा गिऱ्हाइकांनी ‘नंबर दाखवा’ म्हटलं, तर अकराव्यासाठी दुकानदार स्वतःच नोंदणीचा माल ठेवेल.