वाचक की गिऱ्हाईक?

मासिके विकणाऱ्याच्या दुकानापुढे माणूस फार वेळ उभा राहत नाही. फळीवर मांडलेल्या वीस-पंचवीस अंकांवरून त्याची नजर क्षणभर फिरते आणि एखाद्यावर स्थिरावते. मुखपृष्ठाची सारी आरास त्या एका क्षणासाठी असते. शांतपणे बोलेल ते मागे पडेल, या धास्तीने एक मासिक आवाज चढविते. मग शेजारचेही चढविते. ‘धक्कादायक’, ‘गुपित’, ‘आजवर कोणी न सांगितलेले’ हे शब्द या धास्तीतूनच जन्मास येतात. अंक उघडून पाहावा, तो आत धक्का बसण्याजोगे काही नसते.

मुलांना उत्कंठा हवीच असते, असे यावर कोणी म्हणेल. ती अवश्य द्यावी. लंडनमध्ये १८७९ साली ‘बॉइज ओन पेपर’ हे साप्ताहिक निघाले, ते खून-दरोड्यांच्या स्वस्त गोष्टींना पर्याय म्हणून. त्याच्या आरंभीच्या अंकांत कॅप्टन मॅथ्यू वेब याने आपण इंग्लिश खाडी कशी पोहून गेलो, ते सांगितले. ते वाचताना अंगावर रोमांच उभे राहिले असतील. पण त्यात फसवणूक नव्हती. वेब १८७५ साली खरोखरच खाडी पोहून गेला होता. तेव्हा दोष उत्कंठेचा नव्हे. मासिक नेमके काय विकते आणि कोणाला विकते, याकडे पाहिले पाहिजे.

अमेरिकेतील ‘सेव्हन्टीन’ या मासिकाची हकिकत या दृष्टीने उद्बोधक आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ च्या सप्टेंबरात, ते निघाले. हेलन व्हॅलेन्टाइन या त्याच्या पहिल्या संपादिका. उद्याचे जग तुम्हांलाच चालवावयाचे आहे, असे त्यांनी पहिल्याच अंकात मुलींना सांगितले. पोशाख आणि केशभूषा यांना मासिकात स्थान होतेच. परंतु त्यांच्याबरोबर जगातील घडामोडी, नागरिकाची कर्तव्ये आणि नवी पुस्तके यांविषयीही लेख येत. वाचकांच्या लेखनालाही तेथे जागा मिळे. पुढे कवयित्री म्हणून कीर्ती पावलेल्या सिल्व्हिया प्लाथ हिची कथा, अनेकदा नकार पचविल्यानंतर, १९५० च्या ऑगस्टच्या अंकात छापली गेली.

तथापि मासिकाचा खर्च केवळ अंकाच्या किमतीतून भागत नाही. तो मुख्यतः जाहिरातींतून भागतो. म्हणून या मासिकाने १९४५ मध्ये मुलींची पाहणी करविली आणि तिच्यावरून ‘टीना’ नावाची एक काल्पनिक शाळकरी मुलगी उभी केली. टीनाला काय आवडते, तिच्या हाती किती पैसे असतात, ती काय विकत घेते, हे सारे व्यापाऱ्यांना सांगण्यात आले. ज्या मुलींना संपादिका उद्याच्या नागरिक म्हणून पत्र लिहीत होत्या, त्याच मुली त्याच कचेरीतून गिऱ्हाईक म्हणून दाखविल्या जात होत्या.

व्हॅलेन्टाइन १९५० मध्ये मासिक सोडून गेल्या. पुढे हळूहळू सौंदर्य, कपडे आणि प्रीती यांचा भार वाढला आणि नागरिकत्व मागे सरले. याचा दोष एकट्या-दुकट्या संपादकाच्या माथी मारणे रास्त होणार नाही. बीज टीनामध्येच होते. साबण विकणाऱ्यास आपल्या जाहिरातीशेजारी मतदानावरील लेखापेक्षा त्वचेवरील लेख अधिक सोयीचा वाटतो. एका पानावर मुलीच्या मनात आपल्या चेहऱ्याविषयी शंका उत्पन्न करावी आणि समोरच्या पानावर तिचा उपाय विकावा, हा व्यवहार फायद्याचा असेल, मैत्रीचा नव्हे.

हे पुढे एका वाचकानेच उघड बोलून दाखविले. २०१२ साली मेन राज्यातील चौदा वर्षांच्या एका मुलीने, बॅलेच्या वर्गातील मैत्रिणी आपल्या शरीराविषयी कुरकुरत असल्याचे ऐकून, या मासिकाला उद्देशून एक विनंतिपत्र काढले. मागणी अगदी लहान होती: दर महिन्यास निदान एक छायाचित्रमाला हातचलाखी न करता छापावी. त्यावर ८०,००० हून अधिक सह्या झाल्या. कोणाही मुलीच्या शरीराचा वा चेहऱ्याचा आकार बदलणार नाही, असे वचन मासिकाने त्याच वर्षी ऑगस्टच्या अंकात दिले. पूर्वीही तसे कधी केले नाही, अशी पुस्तीही जोडली. मग वचन देण्याचे कारण काय, हा प्रश्न मात्र मागे उरलाच.

२०१८ च्या अखेरीस त्या मासिकाचा नियमित छापील अंक थांबला. फळीची जागा आता मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे, आणि नजर थांबविण्यासाठी तेथेही तेच जुने शब्द हजर आहेत. १९४५ मध्ये टीना घडविण्यासाठी मुलींना निदान प्रश्न तरी विचारावे लागले होते. आज कोणत्या चित्रावर कोणाचे बोट किती वेळ थांबले, हे न विचारताच टिपले जाते.