खिडक्या बंद, खोकला आत

जुलैत पश्चिमेची खिडकी उघडी ठेवून दाखवा आणि मग आम्हाला संसर्ग नियंत्रण शिकवा, असं प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक साहेबांना सांगावंसं वाटायचं. नर्स म्हणून माझी उभी हयात वॉर्डात गेली. आमच्या रत्नागिरीत पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. खिडकीकडच्या खाटा भिजायला लागल्या की ताडपत्री बांधली जायची, ती गणपती होऊन गेले तरी सुटायची नाही. आत वीसेक माणसं. त्यातला एखादा तीन आठवडे खोकणारा; बेडक्याचा रिपोर्ट यायचा, तोवर मुक्काम जनरल वॉर्डातच.

निदान झालेल्या टीबीच्या रुग्णाला आम्ही फारसं भीत नाही. योग्य औषधं सुरू झाली की त्याच्यापासूनचा धोका झपाट्याने उतरतो. खरा धोका निदान न झालेल्याचा. म्हणूनच सगळी भिस्त एन-95 वर ठेवून चालत नाही. मास्क कुणापुढे लावायचा हे कळायला आधी रुग्ण कळावा लागतो, आणि इथल्या दमट उकाड्यात तो आठ तास तोंडावर कोण ठेवतं? केंद्र सरकारच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, जास्त धोक्याच्या खोल्यांत तासाला किमान 12 वेळा हवा बदलायला हवी. वारा असेल आणि समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या असतील, तर ते फुकटात होतं.

आपण काय केलं? लाकडी झडपा काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. सरकती खिडकी कितीही उघडा, अर्धीच उघडते. ओपीडीत स्प्लिट एसी आला. तो आतलीच हवा गार करून फिरवतो. बेडका खरं तर मोकळ्यावर काढायचा, पण भर पावसात रुग्णाला अंगणात कसं पाठवणार? म्हणून संडासात पाठवतात. त्याच्यामागून फिनाईलची बादली घेऊन मावशी आत जाते.

आमच्याकडच्या अशाच एका कंत्राटी मावशीला टीबी निघाला. सहा महिने गोळ्या, आणि भरतील तेवढ्याच दिवसांचा पगार. हा आजार ड्युटीवर लागला असेल, अशी शंकासुद्धा कुठल्या कागदावर आली नाही. एप्रिल 2020 मध्ये मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयात 26 नर्स आणि 3 डॉक्टर कोरोना पॉझिटिव्ह निघाले, तेव्हा राज्यभर बातमी झाली. टीबीची तशी होत नाही. संसर्गानंतर तो महिन्यांनी, कधी वर्षांनी डोकं वर काढतो. तोवर माणूस ठेकेदाराच्या यादीतूनही गेलेलं असतं.

रत्नागिरीत 2023 पासून शासकीय मेडिकल कॉलेज आहे. आता विद्यार्थीही वॉर्डांत उभे राहणार. नवं बांधकाम निघालं की पश्चिमेला खोल पडवी काढा. ज्या कोकणात प्रत्येक जुन्या घराला पडवी आहे, तिथे हे नव्याने सांगावं लागतं, हेच नवल! छताजवळ जाळीचे झरोके ठेवा, बंदच करता येणार नाहीत असे. बेडका काढायला चारी बाजूंनी मोकळी पत्र्याची शेड घाला. वर्षातून एकदा सगळ्यांचा छातीचा एक्स-रे काढा, मावशी-मामांचाही. आणि कंत्राटात एक ओळ घाला: टीबी निघाला तर कामावर परत येईपर्यंत पगार चालू. ठेकेदार कुरकुर करील. करू दे.