मावळा स्क्रीनवर कधी उतरणार?

'जी. आय. जो' तुम्हाला सिनेमामुळे माहीत असेल. मुळात ते हॅस्ब्रो कंपनीचं खेळणं, १९६४ सालचं. त्यावर एपिक्सने १९८५ मध्ये कमोडोर ६४ साठी गेम काढला. आधी मोहीम आणि सैनिक निवडायचा, मग जॉयस्टिक धरून स्वतः लढायचं. ग्राफिक्स आज बघाल तर हसाल, पण डोकं आणि हात दोन्ही चालवणारी कल्पना अजूनही भारीच.

आता सांगा, दिवाळीत मातीचा किल्ला करून मावळे मांडणं यापेक्षा वेगळं काय आहे? पहारेकरी कुठे, तोफ कुठे, हे आपण चौथीतच ठरवत होतो. आणि बीडकरांना किल्ला शोधायला लांब जायचीही गरज नाही. धारूरचा किल्ला आहेच. आदिलशाही आणि निजामशाही त्यासाठी झुंजल्या, १६३१ मध्ये तो मोगलांनी घेतला. वेढा, रसद, तटबंदी... गेमला आणखी काय लागतं?

गेम बनवणं फक्त परदेशी कंपन्यांचं काम, असं म्हणू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये 'राजी' आणलाच की. गोडो इंजिन फुकट मिळतं. कोडिंगवाला एक, चित्र काढणारी एक, इतिहासवाला एक. तिघं तुमच्याच कट्ट्यावर सापडतील.

रात्रभर बीजीएमआय खेळा, माझी ना नाही. पण दुसऱ्यांचे नकाशे पाठ करण्यातच आपली हुशारी संपतेय. या दिवाळीच्या सुट्टीत निदान पहिली लेव्हल तरी होऊन जाऊ द्या!